काकांना प्लीज, आणि त्या मुलाला थेट रिमूव्ह

प्रश्न: सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची मी ॲडमिन आहे. नियम एकच, राजकारण नको. एका भाडेकरू मुलाने पक्षाचं पोस्टर टाकलं तर मी ते उडवून त्याला लगेच रिमूव्ह केलं. दोन दिवसांनी चेअरमन काकांनी तसलाच व्हिडिओ टाकला, तेव्हा मात्र पर्सनलवर "काका, प्लीज डिलीट करता का?" एवढंच म्हटलं. आता लोक विचारतायत, नियम फक्त भाडेकरूंनाच का? आणि उद्या कोणी भलतंसलतं टाकलं तर पोलीस मलाच धरतील का?

उत्तर: ताई, लोक बरोबर विचारतायत. पण काकांशी तुम्ही जसं वागलात ना, तीच पद्धत बरोबर होती, फक्त ती त्या मुलाच्या वाट्याला आली नाही. त्याला परत घ्या, आणि सगळ्यांसमोर काढलंत तर चूक झाली हेही सगळ्यांसमोरच सांगा. पुढे पहिल्या वेळी पर्सनल मेसेज, दुसऱ्यांदा ग्रुपवर समज, तिसऱ्यांदा महिनाभर बाहेर, असं काहीतरी ठरवून ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्येच लिहून टाका.

मराठी विकिपीडिया 2003 पासून चालू आहे, तिथल्या ॲडमिनना प्रचालक म्हणतात. कोणाला कधी आणि का ब्लॉक केलं याची नोंद तिथे कोणालाही बघता येते, आणि विकिपीडियावर अपेक्षा अशी असते की ज्या वादात आपण स्वतः आहोत तिथे आपले अधिकार वापरायचे नाहीत, दुसऱ्या ॲडमिनला सांगायचं. मला हे फार पटतं. तुम्हीही दुसरा ॲडमिन घ्या, शक्यतो भाडेकरूंपैकीच, म्हणजे काकांचं प्रकरण आलं की तुमच्यावर दडपण येणार नाही. आणि 2022 पासून ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, तो कोणी उडवला तेही ग्रुपवर दिसतं, पण का उडवला ते दिसत नाही, म्हणून खाली एक ओळ कारण लिहा, नाहीतर जो तो आपापला अर्थ लावत बसतो.

पोलिसांचं म्हणाल तर, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलंय की दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत असल्याशिवाय मेंबरच्या मेसेजसाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. तेव्हा निव्वळ भीतीपोटी कोणाला काढू नका.

काकांना मात्र मेसेज नको, घरी जाऊन भेटा, आणि पुढच्या वेळी तुम्हालाही ग्रुपवरच समज देणार हे त्यांना आत्ताच सांगून या.