चेंडूला बोट लागलं, मग फाऊल कसला?

प्रश्न : परवा फुटबॉलचा सामना बघताना माझी आणि मेहुण्याची चांगलीच जुंपली. स्ट्रायकर एकटा चेंडू घेऊन बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीत, घुसला आणि गोलकीपर त्याच्या पायांत झेपावला. गोलकीपरची बोटं चेंडूला लागली, पण चेंडू जेमतेम हलला. स्ट्रायकर मात्र त्याच्या हातांना अडखळून पडला. पंचांनी पेनल्टी दिली, पिवळं कार्ड काढलं. माझं म्हणणं, आधी चेंडूला स्पर्श झाला म्हणजे फाऊलच नाही. मेहुणा म्हणतो, गोलकीपर शेवटचा माणूस होता, लालच हवं होतं. पैज लागली आहे. जिंकलं कोण?

उत्तर : कुणीच नाही. पैजेचे पैसे पंचांना पाठवा.

मी शिट्टी फुंकायचो तेव्हा "रेफरी, बॉलला लागलाय!" हे जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा घरी मला कुणी जेवायला बोलावलं नसेल. पण फाऊल कशाला म्हणायचं ते सांगणाऱ्या नियम क्रमांक १२ मध्ये चेंडूला आधी हात लावणाऱ्याला माफी आहे, असं कुठेही लिहिलेलं नाही. झेप निष्काळजी होती का, एवढंच पंच बघतो. १९८२च्या विश्वचषकाची उपांत्य लढत आठवा, सेव्हिल, फ्रान्स विरुद्ध पश्चिम जर्मनी. जर्मनीचा गोलकीपर शूमाखर उडी मारून फ्रान्सच्या बॅटिस्टनवर असा आदळला की तो बेशुद्ध पडला, दात गेले. चेंडू बाहेर गेला होता, आणि पंचांनी दिली साधी गोल-किक, म्हणजे चेंडू उलट शूमाखरच्याच संघाला! आजच्या नियमानं तिथे लाल कार्डच, चेंडू कुठेही असो.

आता मेहुण्याचं. 'शेवटचा माणूस' हे शब्द आपल्या कट्ट्यावरचे, नियमातले नव्हेत. गोलची उघड संधी हिरावली का, हे ठरवताना पंच चार गोष्टी बघतो : गोलपासूनचं अंतर, खेळ कोणत्या दिशेनं चालला होता, चेंडू स्ट्रायकरच्या ताब्यात राहिला असता का, आणि बचावपटू किती नि कुठे होते. तुम्ही सांगता त्यात चेंडू त्याच्या पुढ्यातच होता, म्हणजे संधी गेली. चेंडू कोपऱ्याकडे घरंगळला असता, तर मी पेनल्टी दिली असती, पण कार्डाला हात लावला नसता.

मग लाल का नाही? कारण २०१६ साली नियम बदलला. त्याआधी पेनल्टी, लाल कार्ड आणि वर पुढच्या सामन्याची बंदी, अशी तिहेरी शिक्षा व्हायची. आता बॉक्समध्ये चेंडू खेळायच्या प्रयत्नात फाऊल झाला असेल, तर पिवळ्यावर भागतं. जर्सी ओढली, पाय धरला, ढकललं, किंवा चेंडू मिळायची शक्यताच नव्हती, तर लाल. तुमचा गोलकीपर चेंडूसाठीच गेला होता. बोटं लागली, तोच पुरावा. म्हणजे ज्या स्पर्शाच्या जोरावर तुम्ही पैज लावलीत, त्यानं फाऊल पुसला नाही, फक्त लाल कार्ड वाचवलं.

बॉक्सबाहेर ही सवलत नाही. २००६ची चॅम्पियन्स लीग फायनल : अठराव्या मिनिटाला आर्सेनलचा गोलकीपर लेमान यानं बार्सिलोनाच्या एटूला बॉक्सच्या जरा बाहेर पाडलं, पंच हाउगे यांनी शिट्टी वाजवली, आणि तेवढ्यात एटूचा साथीदार ज्युलीनं चेंडू जाळ्यात घातला. गोल रद्द, लेमान बाहेर. हाउगे क्षणभर थांबले असते, तर गोल मोजला गेला असता आणि लेमान पिवळ्यावर सुटला असता. त्यांना हसायचा अधिकार मला नाही. मी शिट्टी दातांत धरून पळायचो आणि अशीच एक घाई करून बसलो होतो. गोल रद्द झालेला संघ माझ्यावर चिडला, गोलकीपर गमावलेला संघही! त्यानंतर शिट्टी मनगटाला बांधली. हात तोंडाशी जाईपर्यंत जो सेकंद जातो, त्यात पुष्कळ काही दिसतं.

प्रश्न : गोलकीपरनं बॉक्सबाहेर चेंडू हातानं अडवला, की लाल कार्ड ठरलेलंच ना?

उत्तर : नाही. थेट फ्री-किक ठरलेली. लाल फक्त गोल किंवा गोलची उघड संधी अडवली असेल तरच. आणि त्याचे पाय बघू नका, हात चेंडूला कुठे लागला ते बघा. आखलेली रेषा बॉक्सचाच भाग असते.