वाचक विचारतात : ‘उंची कमी’ म्हणून बाद झालेला मुलगा

प्रश्न : माझ्या 15 वर्षांच्या मुलाला उंची कमी म्हणून फुटबॉलच्या निवडीत वगळलं. त्याला सांगण्याजोगं एखादं खरं उदाहरण द्याल का?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, त्याला स्कॉटलंडचा फुटबॉलपटू अँडी रॉबर्टसन याच्याबद्दल सांगा. ग्लासगोचा हा मुलगा तिथल्याच सेल्टिक क्लबचा जिवापाड चाहता. त्याच सेल्टिकच्या अकादमीनं 15 व्या वर्षी अंगानं लहान म्हणून त्याला घरी पाठवलं. मग तो क्वीन्स पार्कला गेला. तेव्हा हा क्लब पूर्णपणे हौशी होता, म्हणजे खेळण्याचा पगार नाही. 2012-13 मध्ये संघ स्कॉटलंडच्या चौथ्या श्रेणीत होता आणि अँडी पोटापाण्यासाठी हॅम्पडन पार्क या स्टेडियमवर तिकिटांचे फोन घ्यायचा. ऑगस्ट 2012 मध्ये त्यानं ट्विट केलं होतं : या वयात खिशात पैसे नसणं फार वाईट, नोकरी हवी. मला हा तपशील त्याच्या पदकांहून मोठा वाटतो.

पुढचं भराभर घडलं. स्कॉटलंडच्याच डंडी युनायटेडमध्ये एक मोसम, 2014 मध्ये इंग्लंडचा हल सिटी क्लब. हलबरोबर तो दोनदा खालच्या श्रेणीत घसरला, तरी 2017 मध्ये लिव्हरपूलनं त्याला घेतलं. तिथेही सुरुवातीचे महिने बाकावरच गेले! नंतर मैदानाच्या डाव्या बाजूची त्याची न थकणारी धाव साऱ्यांनी पाहिली : संघानं 2019 ची चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) आणि 2020 ची प्रीमियर लीग (इंग्लंडची अव्वल श्रेणी) जिंकली. 2018 पासून स्कॉटलंडचं कर्णधारपदही.

मुलाला रोज डाव्या पायाचा सराव करू द्या. आणि हो, जवळपासच्या छोट्या क्लबात त्याचं नाव या आठवड्यातच घाला.