वाचक विचारतात : फारामिरवर अन्याय झाला का?

पीटर जॅक्सन यांनी टोल्कीन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर केलेल्या तीन चित्रपटांविषयी (२००१, २००२, २००३) आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. कथा थोडक्यात अशी : दुष्ट सॉरॉनची अंगठी कोणालाही मोहात पाडते. ती नष्ट करायला हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांतला फ्रोडो निघतो. त्याच्याबरोबर सॅम, मेरी, पिपिन हे हॉबिट आणि राजघराण्याचा वारस अरागॉर्न, गोंडोर राज्याचा बोरोमिर असे सोबती असतात. चित्रपट पुस्तकाशी 'प्रामाणिक' आहेत की नाहीत, असा ठोक प्रश्न धरला की वाद पुढे सरकत नाही. काय गाळले, काय जागेवरून हलवले आणि काय उलटे केले, हे तीन हिशेब वेगळे ठेवावेत.

प्रश्न : हॉबिटांना वाटेत भेटणाऱ्या, रानात राहणाऱ्या गूढ टॉम बॉम्बाडिलला चित्रपटातून वगळले यावरून आमच्या वाचन गटात दर वेळी भांडण होते. त्याच्या जाण्याने कथेचे नेमके काय बिघडते? (सांगली)

फारसे बिघडत नाही. पहिल्या तासात अंगठीची दहशत प्रेक्षकाच्या मनात बसवायची असते आणि बॉम्बाडिलवर तर अंगठीचा काडीचाही परिणाम होत नाही. तो ती बोटात घालतो आणि तसाच दिसत राहतो. पुस्तकाला हे कोडे पेलते, कारण तिथे वाचकाला थांबायला सवड असते.

खरे नुकसान तलवारींचे आहे. पहिल्या भागाच्या (पुस्तकाचे खंड तीन, प्रत्येकात दोन असे भाग सहा) आठव्या प्रकरणात बॉम्बाडिल थडग्यातून काढलेली जुनी पाती चौघा हॉबिटांना देतो. ही पाती अँगमारच्या राजाशी, म्हणजे पुढे सॉरॉनचा सेनापती असलेल्या मायावी राजाशी, लढणाऱ्यांनी घडवलेली. पुढे पाचव्या भागाच्या सहाव्या प्रकरणात मेरी तेच पाते त्या राजाच्या गुडघ्यामागे खुपसतो, त्याच्या देहाला धरून ठेवणारी जादू तुटते आणि मगच रोहान राज्याच्या एओविन या राजकन्येचा घाव लागू पडतो. चित्रपटात अरागॉर्न वेदरटॉप टेकडीवर साध्या तलवारी वाटतो. त्यामुळे मेरीचा वार म्हणजे शत्रूचे लक्ष विचलित करणे एवढेच उरते. बॉम्बाडिलसाठी भांडण्यापेक्षा या एका पात्यासाठी भांडा. अरागॉर्नच्या तोंडी दोन वाक्ये घातली असती तरी काम झाले असते.

गाळण्याला टोल्कीन यांचा तत्त्वतः विरोध नव्हता. १९५७मध्ये एका प्रस्तावित पटकथेबद्दल लिहिताना त्यांनी निवडून केलेला संक्षेप चालेल असे म्हटले होते. सगळेच दाबून कोंबले की गर्दी होते आणि उत्कर्षबिंदू बोथट होतात, ही त्यांची तक्रार होती.

प्रश्न : पुस्तकातला फारामिर, म्हणजे बोरोमिरचा धाकटा भाऊ, अंगठी नाकारतो, चित्रपटातला फ्रोडोला पकडून ऑस्गिलिअथ या पडक्या शहरात नेतो. हा बदल समर्थनीय आहे का? (नागपूर)

पटकथाकारांची दोन कारणे आहेत आणि ती वेगवेगळी तपासली पाहिजेत.

एक कारण रचनेचे. पुस्तकात फ्रोडोवर हल्ला करणाऱ्या शेलॉब या राक्षसी कोळ्याचा प्रसंग दुसऱ्या खंडाच्या शेवटी येतो, चित्रपटात तो तिसऱ्यात गेला. हे परिशिष्टातल्या कालपटाशी जुळते. दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटची हेल्म्स डीप किल्ल्यावरची लढाई ३-४ मार्चची आणि फ्रोडो शत्रूच्या हाती लागतो तो १३ मार्चला, गोंडोरची राजधानी मिनास तिरिथच्या वेढ्याच्या दिवसांत. पुस्तक तिसऱ्या भागात अरागॉर्नकडची हकिगत संपवून चौथ्यात फ्रोडोकडे वळते, म्हणून दहा दिवसांचे हे अंतर जाणवत नाही. चित्रपट दोन्ही हकिगती आलटून पालटून दाखवतो, तिथे ते लपवता येत नाही. पण शेलॉब पुढे गेली की दुसऱ्या चित्रपटात फ्रोडोच्या वाटेला शेवटी काहीच उरत नाही. ऑस्गिलिअथ ती पोकळी भरते. हे कारण आम्हाला पटते.

दुसरे कारण असे की कोणी सहज 'नको' म्हटले तर अंगठीचा धाक संपतो. हे मुळीच पटत नाही. पहिल्याच चित्रपटात एल्फ लोकांची राणी गॅलाड्रिएल अंगठी नाकारते. अरागॉर्न तर फ्रोडोची मूठ मिटवून परत करतो. धाक तसूभर कमी होत नाही, उलट नाकारणाऱ्याची उंची कळते. पुस्तकात सॅम बोलण्याच्या भरात अंगठीचे नाव घेऊन बसतो. फारामिरच्या हाती सत्ता असते, माणसे असतात, कोणी अडवणारे नसते. तरीही तो शब्द पाळतो. बोरोमिर जिथे ढळला तिथे धाकटा भाऊ उभा राहिला, हा त्या प्रकरणाचा प्राण आहे, आणि तो गेला. ऑस्गिलिअथला न्यायचेच होते, तर फारामिरचा निश्चय शाबूत ठेवून शत्रूच्या हल्ल्यामुळे सगळ्यांना तिकडे लोटता आले असते.

मात्र निकाल दुसऱ्या चित्रपटाची विस्तारित, म्हणजे जादा प्रसंग जोडलेली, आवृत्ती पाहून द्या. त्यात बाप डेनेथोर दोन मुलांना कसा वेगवेगळा तोलतो, हा प्रसंग आहे. त्याने फारामिरची कृती योग्य ठरत नाही, पण समजते.

प्रश्न : पुस्तक आणि चित्रपट जोडीने घ्यायचे आहेत. क्रम कसा लावावा? कोणती आवृत्ती पाहावी? (पुणे)

खंड आणि चित्रपट एकास एक जुळत नाहीत, इथेच बहुतेक गट अडखळतात. पहिल्या चित्रपटाआधी तिसऱ्या भागाचे पहिले प्रकरणही वाचून घ्या, कारण बोरोमिरचा मृत्यू तिथे आहे. दुसऱ्याआधी तिसरा भाग नवव्या प्रकरणापर्यंत आणि चौथा सहाव्यापर्यंत. नववे प्रकरण सोडू नका: एंटांनी, म्हणजे चालत्याबोलत्या झाडांसारख्या प्राण्यांनी, दुष्ट मांत्रिक सारूमानचे ठाणे आयझेनगार्ड उद्ध्वस्त केल्याची हकिगत पुस्तकात तिथे मागाहून कळते, चित्रपटात डोळ्यांसमोर घडते. उरलेले सगळे तिसऱ्याआधी. इंग्रजी जड जात असेल तर मुग्धा कर्णिक यांचा 'स्वामी मुद्रिकांचा' हा मराठी अनुवाद आहे.

आवृत्तीचे म्हणाल, तर मूळ चित्रपट अनुक्रमे १७८, १७९ आणि २०१ मिनिटांचे. विस्तारित आवृत्तीत पहिल्यात सुमारे अर्धा तास वाढतो, तिसऱ्यात जवळजवळ पन्नास मिनिटे. पहिले दोन विस्तारितच पाहा. तिसऱ्याच्या वाढीव भागात एक प्रसंग मात्र सपशेल फसला आहे. सॉरॉनच्या राज्याच्या काळ्या दरवाजापाशी त्याचा दूत फ्रोडोचे चिलखत दाखवतो. पुस्तकात त्या क्षणी वाचकाला फ्रोडो पकडला गेला एवढेच ठाऊक असते, म्हणून काळजात धस्स होते. चित्रपटात सॅमने त्याला सोडवलेले आपण आधीच पाहिलेले असते. वर अरागॉर्न त्या दूताचे मुंडके उडवतो! पुस्तकात दूत स्वतःच 'दुताला हात लावता येत नाही' अशी ढाल पुढे करतो आणि ती मानली जाते. राजा होऊ घातलेल्या माणसाकडून एवढी अपेक्षा रास्त आहे.

प्रश्न : शायरची, म्हणजे हॉबिटांच्या मुलखाची, नासधूस आणि सुटका हे प्रकरण का गाळले? (मडगाव)

सहाव्या भागाचे हे आठवे प्रकरण. अंगठी नष्ट झाल्यावर आणखी एक लढाई दाखवायची, तर सारूमानला तोवर जिवंत ठेवावे लागते आणि उत्कर्षबिंदूनंतर बराच वेळ लागतो. पहिल्या चित्रपटात गॅलाड्रिएलच्या जादूच्या आरशात या नासधुशीची झलक तेवढी उरली. परिणामी मेरी आणि पिपिन किती मोठे झाले, हे त्यांच्या गावाला दिसतच नाही.

तिसऱ्या चित्रपटाच्या मूळ आवृत्तीत सारूमान मुळीच दिसत नाही. विस्तारित आवृत्तीत त्याचा शेवट आयझेनगार्डमधल्या ऑर्थँकच्या मनोऱ्यावर होतो, पण मारेकरी पुस्तकातलाच, त्याचा हस्तक वर्मटंग, आणि हत्यारही सुरीच. पुस्तकात त्याआधी फ्रोडो वर्मटंगला सांगतो की तुला याच्यामागे जायची गरज नाही, इथे राहा, खायला मिळेल. ज्याचे घर उद्ध्वस्त झाले तोच ही दया दाखवतो. चित्रपटात ती हाक रोहानच्या थिओडन राजाच्या तोंडी गेली आहे.