दुकानातल्या स्क्रीनचं वेळापत्रक: काय लावायचं, कधी लावायचं आणि कधी उतरवायचं

लातूरच्या भावांनी विचारलंय की कापडाच्या दुकानात चार स्क्रीन आहेत, चारही पेनड्राईव्हवर चालतात, दिवाळीची ऑफर संक्रांतीपर्यंत तशीच फिरत राहिली आणि गिऱ्हाईक काउंटरवर येऊन तोच भाव मागायलं, तर आपोआप बदलेल असं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं. मी नांदेड-लातूर पट्ट्यात दुकानं, दवाखाने, क्लासेस इथं हीच कामं करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. सॉफ्टवेअरचं शेवटी सांगतो, कारण तुमचा प्रॉब्लेम सॉफ्टवेअर बदलून सुटणार नाही. नव्या सॉफ्टवेअरमध्ये पण ऑफर टाकताना शेवटची तारीख भरली नाही तर ती पुढच्या संक्रांतीपर्यंत पण चालेल.

आधी एक मोठा कागद घ्या आणि त्यावर तीन थर काढा. सगळ्यात खाली कायमचा थर, म्हणजे दुकानाचं नाव, कोणत्या मजल्यावर काय मिळतं, बिल आणि बदलून देण्याचे नियम, वेळ, फोन नंबर. याला तारीख नाही, वर काहीच नसेल तेव्हा हे चालणार, स्क्रीन कधी काळी पडणार नाही. त्याच्यावर वेळेचा थर, सकाळ दुपार संध्याकाळ. आणि सगळ्यात वर तारखेचा थर, सण, सेल, नवीन माल. तारखेच्या थरात शेवटची तारीख आणि वेळ टाकल्याशिवाय काहीही चढवायचं नाही, मग ते मालकांनी स्वतः पाठवलेलं असो. आणि तारीख टाकताना तास बघून टाका. ३१ तारखेपर्यंत ऑफर आहे म्हणून लोक ३१ तारीख निवडतात, वेळ रात्री १२ तशीच राहते, म्हणजे ३१ तारीख सुरू व्हायच्या क्षणालाच ऑफर उतरते आणि शेवटचा दिवस, जेव्हा सगळ्यात जास्त गर्दी असते, तो पूर्ण कोरडा जातो. दुकान बंद व्हायची वेळ टाका, रात्री साडेनऊ असेल तर साडेनऊ.

आता प्रायॉरिटी, म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी लागलेल्या असतील तर कोणती वरचढ ठरणार ते. यात लई जण अडकतात. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये जास्त प्रायॉरिटीचं शेड्यूल चालू असलं की खालचं सगळं थांबतं, मधे मधे पण दाखवत नाही. एखादा सेल महत्त्वाचा वाटतो म्हणून त्याला मोठी प्रायॉरिटी देतात आणि मग दुसऱ्या दिवशी फोन येतो की बाकीच्या जाहिराती गायब झाल्या. सेलची जाहिरात बाकीच्यांसोबत फिरावी असं वाटत असेल तर तिला वेळेच्या थराएवढीच प्रायॉरिटी द्या, दोन्ही आळीपाळीनं चालतील. मोठी प्रायॉरिटी फक्त अशा गोष्टीला ठेवा जिच्या वेळी दुसरं काहीच दिसायला नको, जसं आज दुकान लवकर बंद, किंवा लिफ्ट बंद आहे जिन्यानं या.

वेळेचा थर चारही स्क्रीनला एकच लावू नका, ही माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. शोकेसमधली स्क्रीन रस्त्यानं जाणाऱ्यासाठी आहे, तो काही सेकंद बघतो, तिथं ८-१० सेकंदाचं एक चित्र, मोठं अक्षर, एकच गोष्ट. बिलिंग काउंटरवर माणूस दोन-तीन मिनिटं उभा असतो, तिथला लूप, म्हणजे सगळ्या जाहिरातींची एक फेरी, तेवढ्यात एकदा फिरून आला पाहिजे. १५ सेकंदाचे १० स्लॉट धरले तर अडीच मिनिटं होतात, तासाला २४ फेऱ्या, सकाळी १० ते रात्री ९ दुकान धरलं तर दिवसाला २६४ वेळा प्रत्येक जाहिरात दिसणार. साडीच्या कंपनीवाला स्वतःची जाहिरात लावा म्हणाला तर त्याला हाच आकडा सांगून पैसे मागता येतात. आणि प्लेअरचा, म्हणजे स्क्रीनवर जाहिराती चालवणाऱ्या डब्याचा किंवा ॲपचा, रिपोर्ट महिन्याला काढून द्या, कितीदा चाललं ते त्यात येतं.

वरच्या मजल्यावर तुमचा बस्त्याचा हॉल असेलच. तिथं सगळं उलटं आहे. दोन्हीकडचे वीस-पंचवीस माणसं दोन-तीन तास गाद्यांवर बसलेली असतात, नवरीकडचे शालूत गुंतलेले आणि बाकीचे कंटाळलेले, पोरं रडायलेली. तिथं अडीच मिनिटांचा लूप लावला तर लोक उठून टीव्ही बंद करायला सांगतात. तिथं लांब, शांत, आवाज बंद असलेलं लावा, विणकामाचे व्हिडिओ, पैठणी कशी विणतात, काठ कसे ओळखायचे, मापं कशी घ्यायची, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी एकदा आहेराच्या साड्या, टॉवेल-टोपी, लहान मुलांचे कपडे खालच्या मजल्यावर आहेत एवढं. बस्ता दिवसभर चालतो म्हणून त्या स्क्रीनला सकाळ-संध्याकाळ असा फरक नको. उलट शोकेसला उन्हाळ्यात दुपारी एक ते चार काही खास ठेवू नका, मे महिन्यात लातूरच्या रस्त्यावर त्या वेळेला कुत्रं फिरत नाही, चांगली जाहिरात साडेपाचनंतर लावा.

तारखेच्या थरात आपल्याकडचा मोठा घोळ म्हणजे दरवर्षी रिपीट. १७ सप्टेंबर मुक्तिसंग्राम दिन, १ मे, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी या तारखा ठरलेल्या आहेत, यांना वार्षिक रिपीट लावून मोकळं व्हा. पण पोळा, दसरा, येळवस (वेळ अमावस्या) हे तिथीवर आहेत, सॉफ्टवेअरला अमावस्या कळत नाही, त्याला रिपीट लावलं तर पुढच्या वर्षी भलत्याच दिवशी पोळ्याच्या शुभेच्छा यायला लागतील. यासाठी गुढीपाडव्याला नवीन पंचांग आलं की एकदाच बसून पूर्ण वर्षाच्या तारखा भरून टाका. येळवशीच्या दिवशी तर लातूर-धाराशिवकडं अर्धं गाव शेतात असतं, त्या दिवशी स्क्रीनवर काही खर्च करू नका, शुभेच्छा आदल्या दोन दिवसांत लावा जेव्हा लोक खरेदीला येतात. अधिक महिना पण विसरू नका, २०२३ ला अधिक श्रावण होता, २०२६ ला अधिक ज्येष्ठ. धोंड्याच्या महिन्यात जावयाला आणि लेकीला कपडे घेतातच, कापड दुकानाला हा महिना सोन्यासारखा आहे आणि स्क्रीनच्या सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरमध्ये तो सहसा येत नाही.

आता घड्याळ. शेड्यूल प्लेअरच्या घड्याळावर चालतं, तेच चुकलं तर वरचं सगळं वाया. जाहिरात बरोबर साडेपाच तास उशिरा लागायली असेल, म्हणजे सकाळी १० ची दुपारी साडेतीनला, तर टाइमझोन सेट नाही, सर्व्हरवर (जिथून सगळ्या स्क्रीनचं वेळापत्रक भरतो तो कॉम्प्युटर) आणि प्लेअरवर दोन्हीकडं एशिया कोलकाता करा. दुसरं आपल्याकडचं लाईटचं. प्लेअर म्हणून रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर वापरत असाल आणि तो पाय ४ किंवा त्याआधीचा असेल तर त्यात बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही, लाईट गेली की वेळ तिथंच थांबते, लाईट आल्यावर नेट मिळेपर्यंत तो जुन्याच वेळेवर चालतो. दुपारी एकला लाईट गेली, चारला आली, राउटर लागलाच नाही, तर संध्याकाळभर तो तीन तास मागं. पाय ५ मध्ये घड्याळ आहे पण त्याची बॅटरी वेगळी घेऊन बसवावी लागते. जुन्याला डीएस३२३१ नावाचं घड्याळाचं छोटं मॉड्यूल मिळतं, बॅटरीच्या सेलवर चालतं, ते लावून घ्या. आणि राउटर व प्लेअर छोट्या यूपीएसवर टाका, टीव्ही नाही टाकला तरी चालेल. कंटेंट प्लेअरमध्ये आधीच उतरवून ठेवणारं सॉफ्टवेअर घ्या, नेटवरून थेट चालवणारं घेऊ नका.

टीव्ही घरगुतीच असतील तर दोन सेटिंग बघा. काही टीव्ही चार तास रिमोट दाबला नाही तर आपोआप बंद होतात, ते ऑटो पॉवर ऑफ बंद करा. आणि लाईट आल्यावर टीव्ही स्टँडबायवर बसतो का स्वतः चालू होतो ते तपासा, दुकानासाठीच्या कमर्शियल पॅनेलमध्ये हे सेटिंग असतं, घरगुतीत बऱ्याचदा नसतं.

सॉफ्टवेअर म्हणाल तर झिबो (Xibo) बघा. सर्व्हरचा भाग ओपन सोर्स आहे, विंडोजचा प्लेअर फुकट, अँड्रॉइड आणि टीव्हीतल्या प्लेअरला लायसन्स लागतं. वेळेचे भाग, प्रायॉरिटी, डीफॉल्ट लेआउट (म्हणजे आपला कायमचा थर), रिपोर्ट सगळं त्यात आहे, फक्त सर्व्हर बसवणारा माणूस पाहिजे. तेवढं नको असेल तर रास्पबेरी पायवर अँथियास (Anthias) हे सॉफ्टवेअर, प्रत्येक फाईलला सुरू आणि शेवटची तारीख देता येते, पण चार स्क्रीन म्हणजे चारही पायमध्ये वेगवेगळा बदल करावा लागेल. व्हिडिओ एमपी४ मध्ये एच.२६४, १०८०पी ठेवा आणि डिझायनरला व्हॉट्सॲपवर पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर शोकेसच्या मोठ्या स्क्रीनवर साडीचा काठ फाटल्यासारखा दिसतो.

आत्ता पेनड्राईव्ह कशात लावलाय, टीव्हीत का वेगळ्या बॉक्समध्ये, आणि बस्त्याच्या हॉलमध्ये किती इंची स्क्रीन आहे तेवढं इथं टाका, मग चारही स्क्रीनचा तक्ता कसा भरायचा ते सांगतो.