शांघायची नटी झोंगशानची कशी?

रुआन लिंग्यू शांघायला जन्मली, तिथंच वाढली, तिथंच गेली; मग दक्षिण चीनमधल्या झोंगशानच्या नामवंतांच्या यादीत तिचं नाव कसं, असं तुम्ही विचारलंत. यादी चुकलेली नाही. 'आपण कुठले' हे सांगताना चिनी माणूस पुष्कळदा जन्मगाव नव्हे, वाडवडिलांचं गाव सांगतो. त्याला 'जीग्वान' म्हणतात आणि ते बापाकडून मुलाकडे येतं. आपल्याला हे कळायला जड जाऊ नये. गिरगावात तीन पिढ्या काढलेला माणूसही 'गाव कुठलं?' म्हटलं की मालवण नाहीतर राजापूर सांगतो.

रुआनचा जन्म १९१० चा. वडील शांघायमध्ये तेल कंपनीत कामगार होते, पण घराणं दक्षिणेतल्या ग्वांगदोंग प्रांतातलं, शियांगशान तालुक्यातलं. झोंगशानचं जुनं नाव हेच. मूकपटांची ही थोर अभिनेत्री १९३५ साली, अवघ्या २४ व्या वर्षी गेली.

आता खरा प्रश्न असा की त्या तालुक्यातली इतकी माणसं शांघायला कशी पोचली? उत्तर मकावमध्ये आहे. मकाव या तालुक्याचंच टोक. १५५७ च्या सुमारास पोर्तुगीज तिथं वसले आणि १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. परदेशी व्यापाऱ्यांशी बोलायचं कसं, हिशेब कसा ठेवायचा, हे इथल्या लोकांना इतरांच्या कितीतरी आधी जमलं. शांघाय बंदर परदेशी व्यापाराला खुलं झाल्यावर परदेशी पेढ्यांचे दलाल-मुनीम म्हणून तेच पुढे गेले. त्यांतले नावाजलेले तांग तिंगशू, शू रून, झेंग ग्वानयिंग हे तिघेही शियांगशानचेच. एक जण गेला की भाऊ, पुतणे, शेजारी मागोमाग. मुंबईतली कोकणी ग्रामस्थ मंडळं आठवा. तशीच मंडळं शांघायमध्ये होती. ती नोकरी लावून देत, भांडणं मिटवत, आणि परक्या शहरात मेलेल्याची शवपेटी गावी पोचवत. हे शेवटचं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. पुरायचं ते आपल्याच मातीत, ही ओढ समजली की जीग्वान समजतं.

शांघायच्या नानजिंग रस्त्यावरची चार मोठी दुकानंही याच तालुक्यातल्या लोकांनी काढली. सिन्सिअर १९१७ चं, विंग ऑन १९१८ चं. या दोन्हींचे संस्थापक आधी सिडनीत केळ्यांचा व्यापार करत होते. तिथली मोठी दुकानं बघून ठरलेल्या किमतीत विक्री करायची पद्धत त्यांनी आणली.

नावांचा घोळही समजून घ्या, नाहीतर शोधताना अडखळाल. चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत-सेन यांचं हे नाव म्हणजे कँटनी, म्हणजे ग्वांगदोंगकडच्या बोलीतला, उच्चार. चीनमध्ये त्यांना सुन झोंगशान म्हणतात. त्यांचा जन्म १८६६ मध्ये शियांगशानच्या त्स्वीहंग गावी झाला. ते १९२५ मध्ये वारले तेव्हा तालुक्याचंच नाव झोंगशान केलं. पुढे १९५३ मध्ये किनाऱ्याचा भाग तोडून जूहाय तालुका झाला. म्हणून येल विद्यापीठातून १८५४ मध्ये पदवी घेणारा युंग विंग जुन्या लिखाणात शियांगशानचा आणि आज जूहायचा. त्याच्याच खटपटीने १८७२ पासून चार वर्षांत १२० मुलं अमेरिकेला शिकायला गेली. त्यांतली सुमारे ४० एकट्या शियांगशानची. तेव्हा कुणाचंही मूळ शोधताना शहराच्या नावावर थांबू नका, गावाचं नाव पाहा.

त्या १२० पैकी तांगज्या गावचा तांग शाओयी १९१२ मध्ये चिनी प्रजासत्ताकाचा पहिला पंतप्रधान झाला. सत्ता गेल्यावर तो गावी परतला आणि १९३१ मध्ये त्याने आपल्या तालुक्याच्या प्रमुखाचं पद घेतलं. गावात स्वतः हौसेने उभी केलेली बाग त्याने गावकऱ्यांना देऊन टाकली.