यूट्यूब चालते म्हणजे थेट वर्ग चालेलच असे नाही

परदेशातील संग्रहालयाबरोबर आपल्या सातवीच्या वर्गाचा थेट व्हिडिओ तास तीन आठवड्यांवर आला आहे, संगणक कक्षातील चाचणीत चित्र थिजत राहिले आणि आवाज तुटत होता, तोच दुवा मोबाइलवर मात्र सुरळीत चालला, आणि जोडणी पाहणारे "स्पीड पूर्ण आहे" एवढेच सांगतात, असे आपण लिहिले आहे. हे वाचून मला आमचाच वर्ग डोळ्यांसमोर दिसला. मी संगणकातला तज्ज्ञ नाही, वरोरा तालुक्यात विज्ञान शिकवतो. पण याच दुखण्याने आमचा एक तास वाया गेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. नोंदणी, प्रोजेक्टर, वेळापत्रक हे आपण जाणताच, ते सोडून देतो.

आमचा तास जीवाश्मांवर होता. पिसदुरा आमच्याच तालुक्यात आहे. डायनासोरांची हाडे आणि त्यांची अश्मीभूत विष्ठा तिथल्या मातीत सापडते, आणि त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिका कण आढळल्याने डायनासोरांच्या काळातही गवत होते हे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून जगाला कळले. मुलांना हे सारे पंधरा दिवस आधी शिकवून ठेवले होते. ठरलेल्या दिवशी लंडनमधील मार्गदर्शक बाईंनी तळहातावर एक तपकिरी, मुठीएवढा गोळा धरला आणि तो कॅमेऱ्याजवळ आणत काही विचारले. प्रश्नातले दोनच शब्द ऐकू आले आणि चित्र तिथेच थिजले. तरीही पहिल्या बाकावरील मुलगी उठून "शेण, मॅडम, डायनासोरचे शेण!" असे ओरडली, मागून सगळा वर्ग तेच ओरडू लागला. पलीकडे काहीच पोहोचले नाही. चित्र पुन्हा हलले तेव्हा बाई पुढच्या वस्तूकडे वळल्या होत्या. पंचेचाळीस मिनिटांतील जेमतेम पंधरा मिनिटे आम्हाला धड मिळाली. त्या मुलीचा उतरलेला चेहरा मी विसरू शकलेलो नाही.

चूक माझी होती, ती आधी सांगतो. मी चाचणी रविवारी, मुख्याध्यापकांच्या खोलीत, माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतली होती. ती उत्तम झाली. प्रत्यक्ष तासाला मात्र केबलची जोडणी अधिक वेगवान असते या समजुतीने आम्ही संगणक कक्षात बसलो. म्हणजे चाचणी एका वाटेची घेतली आणि वर्ग दुसऱ्याच वाटेने नेला.

त्या दुसऱ्या वाटेचे कुलूप आमच्या हातात नव्हते. शाळेच्या जोडणीवरील गाळणी, म्हणजे कोणती माहिती आत-बाहेर जाऊ द्यायची हे ठरवणारी यंत्रणा, दूरच्या एका कार्यालयातून चालवली जात होती. त्याचे नाव घेत नाही. तास बिघडल्यावर मी फोन केला तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "यूट्यूब चालते ना? मग इंटरनेट व्यवस्थित आहे." पुढे चार वेळा फोन आणि दोन पत्रे झाली, दर वेळी तेच वाक्य, आणि शेवटी "अर्ज योग्य मार्गाने सादर करावा" असे उत्तर आले, तो योग्य मार्ग कोणता हे मात्र कोणीच सांगितले नाही. मुलांचा तास बुडाला याची तिथे कोणाला काही खंत वाटल्याचे मला जाणवले नाही, आणि याचा राग मला आजही आहे.

यूट्यूबचा दाखला इथे का लागू पडत नाही, हे मला नंतर एका जाणकार माजी विद्यार्थ्याने समजावले. यूट्यूब एकतर्फी असते आणि पुढचा भाग आधीच साठवून ठेवते, त्यामुळे मधला अडथळा आपल्याला दिसत नाही. थेट संवादात असा साठा करायला वेळच नसतो. झूम चित्र आणि आवाज मुख्यतः यूडीपी पद्धतीने, म्हणजे हरवलेल्या तुकड्यासाठी न थांबता, पाठवते, त्यासाठी 8801 ते 8810 ही पोर्टे, म्हणजे माहितीच्या ये-जा करण्याचे क्रमांक दिलेले दरवाजे, लागतात. गूगल मीटला 3478 आणि 19305 ते 19309 ही लागतात. ही पोर्टे बंद असली तरी बैठक बंद पडत नाही. ती संकेतस्थळांसाठी उघड्या असलेल्या 443 च्या वाटेने टीसीपी पद्धतीने जाऊ लागते, आणि टीसीपी हरवलेला प्रत्येक तुकडा पुन्हा मागवत बसत असल्याने तो येईपर्यंत मागचा आवाज खोळंबतो. म्हणून जोडणी लागलेली दिसते, वेग मोजला तर तोही चांगला दिसतो, आणि तरीही आवाज तुटतो. आपली लक्षणे नेमकी हीच वाटतात. अर्थात दुरून केलेले हे निदान आहे, वायफायचा किंवा जुन्या संगणकाचा दोषही असू शकतो.

म्हणून माझे आग्रहाचे मत असे की चाचणी त्याच खोलीत, त्याच केबलवर, त्याच वाराला आणि त्याच वेळी घ्यावी, शेजारच्या वर्गात इतर संगणक सुरू असताना घ्यावी, आणि संग्रहालयाला दहा मिनिटे पलीकडे बसण्याची विनंती करावी. कार्यालयाला पत्र द्यायचे तर "इंटरनेट नीट चालत नाही" असे लिहू नये. झूम की मीट असा बैठकीचा कोणता संगणक कार्यक्रम, कोणती पोर्टे, कोणती तारीख आणि किती ते किती वाजेपर्यंत, एवढे नेमके लिहून पोच घ्यावी. आठ दिवसांत काम झाले नाही तर त्या जोडणीची आशा सोडून मोबाइल डेटावर वर्ग घ्यावा, आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिम तयार ठेवावीत. अपलोडचा वेग अवश्य पाहावा, कारण मुलांचा आवाज त्याच वाटेने जातो.

वेळेबद्दलही सावध राहा. लंडनचे सकाळचे दहा म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारचे साडेतीन, पण मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे बदलतात आणि उन्हाळ्यात तेच दहा आपल्याकडे अडीच वाजता होतात. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असेल तर याचा विचार आधीच करावा. जीवाश्मांसाठी प्रसिद्ध असलेले कॅनडातील रॉयल टायरेल संग्रहालयही शाळांसाठी असे तास घेते, परंतु तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ-साडेनऊ झालेले असतात, त्यामुळे दिवसाच्या शाळेला ते जमणे कठीण आहे.

आवाजासाठी खोलीत एकच तारेचा मायक्रोफोन ठेवा आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलाला तिथे बोलवा. तीसपेक्षा जास्त मुले बसवू नका, सभागृहात सगळी शाळा तर मुळीच नको. दर दोन वाक्यांनंतर थांबण्याची विनंती मार्गदर्शकांना आधीच करा, म्हणजे आपल्याला मराठीत सांगता येते. मुलांचे चित्रण होणार असेल तर पालकांची लेखी संमती घ्या; याबाबत आपल्या शाळेचा नियम वेगळा असेल तर तोच पाळावा.

पुढच्या वर्षी आम्ही तोच तास मोबाइल डेटावर घेतला. आठवीत गेलेल्या त्या मुलीला मी मुद्दाम बोलावून पुढे बसवले होते. गोळा पुन्हा कॅमेऱ्यासमोर आला तेव्हा तिने मायक्रोफोनपाशी जाऊन उत्तर दिले, पिसदुऱ्याचे नाव सांगितले, आणि बाईंनी ते नाव कसे लिहायचे हे तिलाच विचारून घेतले.

आपले संग्रहालय बैठकीसाठी कोणता संगणक कार्यक्रम वापरते ते कळवा; त्यानुसार पत्रात कोणती पोर्टे लिहायची ते सांगता येईल.