रशियन पाहुण्याचं पाणी आणि प्रोस्टेटचं इन्फेक्शन

प्रश्न : डॉक्टर, वय 46, मोरजीला टुरिस्टना खोल्या भाड्याने देतो. प्रोस्टेटचं इन्फेक्शन परत परत येतंय, लघवीला जळजळ, खाली जडपणा. सध्या सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू आहे, बीपीची गोळी पण आहे. दरवर्षी येणारा एक रशियन पाहुणा म्हणतो त्यांच्याकडे ह्या दुखण्याला डॉक्टरच मिनरल वॉटर प्यायला सांगतात, आणि त्याने एसेंतुकी 17 नंबरच्या बाटल्या आणून दिल्यात. पिऊ का? गोळ्या बंद करू का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : गोळ्या बंद करू नका, बाकीचं नंतर बोलू.

पाहुणा थापा मारत नाही हो. रशियातलं झेलेझ्नोवोद्स्क, युक्रेनमधलं त्रुस्कावेत्स ही गावं झऱ्यांच्या पाण्यावरच नावारूपाला आली, किडनी आणि लघवीच्या तक्रारींची माणसं तिथे मुक्काम करून पाणी पितात. पण तिथे नुसतं पाणी नसतं, चिखलाचे लेप, गरम पाण्यात बसणं, आराम आणि औषधं पण असतात, मग बरं नेमकं कशाने वाटलं ते कोण सांगणार? आणि गंमत म्हणजे एसेंतुकी हे मुख्यतः पोटाच्या तक्रारींचं पाणी! 17 नंबरमध्ये लिटरला 10 ते 14 ग्रॅम क्षार, त्यात सोडियम भरपूर. तुमच्या बीपीला ते नकोच, बाटल्या राहू देत तशाच.

पाण्याने काय होतं, तर लघवी पातळ होते, जळजळ थोडी कमी होते, मूत्रमार्ग धुतला जातो. पण जंतू, बहुतेक वेळा ई. कोलाय, बसलेले असतात प्रोस्टेट ग्रंथीच्या आतल्या बारीक नळ्यांत, तिथे लघवीचा प्रवाह पोचतच नाही. अँटिबायोटिकसुद्धा तिथे कष्टानेच पोचतं, म्हणून कोर्स चार ते सहा आठवड्यांचा असतो आणि आठ दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडला की दुखणं परत येतं.

आता एक गोष्ट जी पाहुण्याला माहीत नसणार. कॅल्शियम-मॅग्नेशियम सिप्रोफ्लॉक्सासिनला पोटातच बांधून ठेवतं, औषध रक्तात कमी जातं. फ्रान्सच्या कॉन्ट्रेक्सेव्हिलसारख्या पाण्यात लिटरला 450 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, म्हणजे औषधाला पूरक म्हणून प्यायचं आणि औषधच वाया घालवायचं! गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या. असलं पाणी, कॅल्शियमची गोळी, ॲसिडिटीचं सिरप हे गोळीनंतर निदान दोन तासांनी, आणि ते आधी घेतलं असेल तर गोळी सहा तासांनी.

लघवीचं कल्चर, म्हणजे त्यात कुठले जंतू वाढतात ती तपासणी, केलंय का? प्रोस्टेटला मसाज करून आधीची आणि नंतरची लघवी तपासतात, ते युरॉलॉजिस्टकडून करून घ्या, कारण ह्या तक्रारीच्या दहातल्या नऊ जणांना जंतू सापडतच नाहीत आणि मग अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, दुखणं ओटीपोटाच्या स्नायूंचं असू शकतं. तोवर टबात कोमट पाणी घेऊन बसा, साधं पाणी भरपूर प्या, फेणी आणि तिखट जरा आवरा. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर मात्र वाट बघत बसू नका, सरळ बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात जा.